'खूप दुखतंय' म्हणजे नेमकं काय होतंय? पाठीच्या ऑपरेशननंतरचे पहिले सहा आठवडे

(या भागाचं लिखित रूप. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

कोणी चालता चालता ऐकत असेल, कोणी बसमध्ये उभ्यानं, आणि कोणी पलंगावर उताणं पडून छताकडे बघत. छताकडे बघत ऐकणाऱ्यांसाठी आजचा भाग जरा जास्तच आहे.

आज बोलायचंय पाठीच्या ऑपरेशननंतरच्या वेदनेबद्दल. ऑपरेशन करावं की नाही, कुठे करावं, खर्च किती, यावर ढिगानं व्हिडिओ सापडतात. पण घरी आल्यावर रात्री तीन वाजता कूस बदलायची असते आणि बदलता येत नाही, त्या वेळेबद्दल फारसं कोणी बोलत नाही. मी ती वेळ बऱ्याचदा पाहिली आहे, म्हणून आज मी बोलते.

आधी दोन गोष्टी स्पष्ट करते. मी डॉक्टर नाही, पेशंट होते. त्यामुळे कुठल्या औषधाचा किती डोस घ्यायचा, हे इथे मिळणार नाही. ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारायचं. दुसरी गोष्ट, पाठीची सगळी ऑपरेशनं सारखी नसतात. गादीचा, म्हणजे डिस्कचा, सरकलेला तुकडा काढण्याचं ऑपरेशन त्यामानानं छोटं. माझं होतं फ्यूजन. कमरेचा एक मणका दुसऱ्यावरून पुढे घसरला होता, स्पॉन्डिलोलिस्थेसिस म्हणतात त्याला. ते दोन मणके स्क्रू आणि रॉड घालून एकमेकांना जोडले. तेव्हा मी २९ वर्षांची होते, नाशिकला आईबाबांकडे राहून बरी झाले. तुमचं ऑपरेशन छोटं असेल तर मी सांगतेय ते सगळं तुमच्या वाट्याला येईलच असं नाही.

मुळात इतकं दुखतं कशामुळे?

आपली समजूत साधी असते. दुखत होतं म्हणून ऑपरेशन केलं, आता दुखणं थांबायला हवं. बऱ्याच जणांना खरंच असा अनुभव येतो की पायात जाणारी जुनी कळ शुद्धीवर आल्याबरोबर कमी झालेली असते. पण तिच्या जागी एक नवीन दुखणं आलेलं असतं, आणि ते आपण कधी पाहिलेलंच नसतं.

बघा, मणक्यापर्यंत पोचायला सर्जनला पाठीचे स्नायू बाजूला सारावे लागतात आणि ऑपरेशन चालू असेपर्यंत ते तसेच बाजूला धरून ठेवावे लागतात. बाहेरून दिसते ती टाक्यांची एक रेघ. आत त्याहून कितीतरी मोठं काम झालेलं असतं. हाडात स्क्रू बसलेले असतात. कित्येक महिने दबलेली नस मोकळी झालेली असते, पण हाताळली गेल्यामुळे ती चिडलेली असते. म्हणजे जखम, स्नायू, हाड आणि नस अशी चार वेगवेगळी दुखणी एकाच जागेवर, एकाच वेळी चालू असतात. आणि आपण त्या चौघांना मिळून एकच शब्द वापरतो. 'दुखतंय.' किंवा हल्ली, 'पेन होतंय.'

आणखी एक. घरी आल्यावर दुखणं वाढल्यासारखं वाटतं आणि घरचे घाबरतात. त्याला कारणं आहेत. दवाखान्यात औषध शिरेतून चालू असतं, जखमेच्या आजूबाजूला कधी भूल दिलेली असते, आणि हालचाल मोजकी असते. घरी गोळ्या सुरू होतात, भूल उतरलेली असते, आणि गाडीतून उतरण्यापासून संडासाला जाण्यापर्यंत सगळी हालचाल वाढते. त्यामुळे पाचव्या दिवशी तिसऱ्या दिवसापेक्षा जास्त दुखलं, तर त्याचा अर्थ लगेच 'ऑपरेशन फसलं' असा होत नाही. आलेख सरळ खाली उतरत नाही, इगतपुरीहून कसाऱ्याकडे घाट उतरावा तसा वळणं घेत उतरतो.

ठणका, वांब, सणक, रग

दवाखान्यात दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरनं विचारलं, "दहापैकी किती दुखतंय?" मी म्हटलं, "आठ." तिनं लिहून घेतलं. मग फिजिओथेरपिस्ट आले. पन्नाशीचे गृहस्थ, बोलायला अगदी घरच्यासारखे. त्यांनी विचारलं, "कसं दुखतंय?" मी म्हटलं, "खूप."

ते म्हणाले, "खूप ते कळलं मला. पण ठणकतंय, की सणक जातेय, की आखडलंय? मराठीत सांगा ना, मराठीत बरे शब्द आहेत."

मी डोळे मिटून जरा लक्ष दिलं, आणि खरंच तीन निराळ्या गोष्टी सापडल्या. टाक्यांपाशी ठणकत होतं. पाठीच्या दोन्ही बाजूंना काहीतरी मुठीत आवळल्यासारखं झालं होतं. आणि डाव्या पोटरीतून मधूनच वीज गेल्यासारखी सणक जात होती. मी हे सांगितल्यावर तिन्हींसाठी तीन वेगळे उपाय निघाले. आकडा आधीही आठ होता आणि नंतरही आठच होता. फरक पडला तो शब्दांमुळे.

हे नुसतं भाषेचं कौतुक नाही हं. वेदनेवर काम करणारे कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी पेशंट वापरतात ते शब्द गोळा केले आणि १९७५ मध्ये त्यातून 'मॅकगिल पेन क्वेश्चनेअर' नावाची प्रश्नावली प्रसिद्ध केली. त्यात ७८ शब्द आहेत, २० गटांत विभागलेले. त्यामागचा विचार असा, की दुखण्याचं वर्णन हीसुद्धा माहिती आहे, आणि उपचार ठरवायला ती उपयोगी पडते.

तर आपले शब्द घेऊ. हे माझं वर्गीकरण आहे, पुस्तकातलं नाही, पण डॉक्टरांशी बोलताना मला ते फार उपयोगी पडलं.

पहिला, ठणका. ठसठस म्हणा. जखमेच्या जागी, नाडीच्या ठोक्याबरोबर उडल्यासारखं. ही ताज्या जखमेची आणि सुजेची वेदना. पहिले काही दिवस हिचाच जोर असतो आणि साधारण दोनेक आठवड्यांत ती ओसरायला लागते. वेळच्या वेळी घेतलेल्या गोळ्या आणि विश्रांती यांना ती बऱ्यापैकी दाद देते. मात्र ओसरत आलेला ठणका पुन्हा वाढायला लागला, तर ते लक्षात ठेवा. त्याबद्दल पुढे बोलते.

दुसरा, वांब किंवा पेटका. स्नायू अचानक आवळतो आणि सोडत नाही. कुशीवर वळताना, शिंक आल्यावर, कधी नुसतं घाबरल्यावर. तेवढ्यापुरता श्वास अडकतो. ही वेदना भयंकर असते, पण बहुतेक वेळा मिनिटांत सुटते. ती आली की झटकन हलायचं नाही. आहे त्या स्थितीत थांबायचं, श्वास सावकाश सोडायचा आणि आवळलेलं सैल व्हायची वाट बघायची. वारंवार येत असेल तर डॉक्टरांना सांगायचं, स्नायू सैल करणारी वेगळी औषधं असतात.

तिसरी, सणक. चमक, आग, मुंग्या हीसुद्धा तिचीच भावंडं. ही नसेची वेदना. मांडीतून पोटरीत, पोटरीतून अंगठ्यात. नेहमीच्या वेदनाशामक गोळीला ही फारशी जुमानत नाही. म्हणूनच ती वेगळी ओळखणं महत्त्वाचं. तिच्यासाठी गॅबापेंटिन, प्रीगॅबॅलिन अशा गटातली औषधं डॉक्टर देतात. त्यांनी झोप येते, चक्कर येते, आणि ती मनानं एकदम बंद करायची नसतात. मला तिसऱ्या आठवड्यात पायाला अशी आग सुटली की पांघरुणाचा स्पर्श नको वाटायचा. नस सावरायला वेळ लागतो. इजा झालेला तंतू पुन्हा वाढतो तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर, म्हणजे महिनाभरात इंचभर. आता कमरेपासून अंगठ्यापर्यंतचं अंतर मोजा. नसेच्या बाबतीत आठवडे नाही, महिने धरून चालायचं.

चौथी, रग. पाठ अवघडणं, जड होणं. दिवसभर उभं राहून स्वयंपाक केल्यावर आईच्या पाठीला लागते ना, तशी, फक्त इथे दहा मिनिटं बसल्यावर लागते. ही स्थिती बदलायची वेळ झाल्याची खूण आहे. हिच्यावर गोळी शोधण्यापेक्षा उठून चार पावलं चालणं जास्त लागू पडतं.

आणि पाचवी गोष्ट वेदना नाहीच. बधिरपणा. दुखत नाही म्हणून आपण ती सांगत नाही, आणि सगळ्यांत आधी सांगायला हवी ती हीच. त्याकडेही येते.

मी काय करायचे, तर स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅप मेसेज टाकायचे. 'पहाटे ४, सणक, डावी पोटरी, ७, कूस बदलताना.' 'दुपारी १, रग, ४, जेवायला बसल्यावर.' इतकंच. वेळ आपोआप नोंदली जाते. तपासणीला गेल्यावर "कसं आहे?" या प्रश्नावर "ठीक आहे" म्हणून परत यायची वेळ येत नाही. डॉक्टरांनी तो मेसेजचा ढीग एका मिनिटात वर-खाली केला आणि रात्रीच्या औषधाची वेळ बदलली.

गोळी घड्याळाकडे बघून घ्यायची

आपल्याकडे वेदनाशामक गोळीबद्दल एक अढी असते. 'अगदीच सहन झालं नाही तर घे.' पण पहिल्या काही दिवसांसाठी डॉक्टरांनी 'दर अमुक तासांनी' असं लिहून दिलं असेल, तर ते तसंच घ्यायचं असतं. दुखणं डोक्यावर चढून बसल्यावर त्याला खाली उतरवायला जास्त औषध आणि जास्त वेळ लागतो. त्याआधीच धरून ठेवलं तर कमी औषधात भागतं. फोनवर अलार्म लावा. व्यायामाच्या किंवा आंघोळीच्या किती वेळ आधी गोळी घेतली तर चालेल, हेही विचारून ठेवा.

आता काही गोष्टी ज्या चिठ्ठीवर छापलेल्या नसतात.

पॅरासिटामॉल साधी वाटते, पण निरोगी मोठ्या माणसासाठीसुद्धा २४ तासांत ४ ग्रॅम ही वरची मर्यादा. ६५० मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या झाल्या की ३.९ ग्रॅम होतात. आणि बऱ्याच जोडगोळ्यांत, सर्दीच्या औषधांतसुद्धा पॅरासिटामॉल असतंच. म्हणून पाकिटामागचं बारीक अक्षर वाचायचं. यकृताचा त्रास असेल किंवा वजन फार कमी असेल, तर मर्यादा याहून खाली येते.

ट्रॅमाडॉलसारखं औषध ओपिऑइड गटातलं. त्यानं मळमळतं, गरगरतं, झोप येते. दारूबरोबर तर अजिबात नाही. आणि तुम्ही नैराश्यासाठी गोळ्या घेत असाल तर सर्जनला ते आधीच सांगा, लाजू नका. काही गोळ्यांचं आणि ट्रॅमाडॉलचं एकत्र येणं धोक्याचं ठरू शकतं. हे औषध चिठ्ठीशिवाय मिळत नाही, म्हणून शनिवारी गोळ्या मोजा. रविवारी संध्याकाळी पाकीट रिकामं सापडलं तर रात्र लांब होते.

'सवय लागेल' ही भीतीही खरी आहे, ती उडवून लावण्यासारखी नाही. तिच्यावरचा उपाय म्हणजे दवाखान्यातून निघतानाच विचारायचं, 'हे औषध किती दिवस, आणि कमी कसं करत जायचं?' उरलेल्या गोळ्या 'असू दे कधीतरी लागतील' म्हणून डब्यात ठेवायच्या नाहीत, शेजारच्या काकांच्या गुडघ्यासाठी द्यायच्या तर मुळीच नाहीत. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक गटातल्या गोळ्याही फ्यूजननंतर स्वतःच्या मनानं घेऊ नका. हाड जुळण्याच्या काळात काही सर्जन त्या टाळतात, त्यामुळे आपल्या सर्जनचं मत विचारायचं.

आणि आता सगळे टाळतात तो विषय. पोट साफ न होणं. ओपिऑइड औषधं आतड्यांची हालचाल मंदावतात. त्यात पडून राहणं आणि कमी पाणी. चौथ्या दिवशी जोर करायला गेलं की टाक्यांपासून पायापर्यंत कळ. त्यामुळे पोटाचं औषध पहिल्या दिवसापासून सुरू करायचं का, हे दवाखान्यातच विचारून घ्या. इसबगोल घेतलं तर पाणी भरपूर लागतं, नाहीतर उलट अडकतं. घरी भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवा, भाड्यानंही मिळते. उकिडवं बसणं काही आठवडे विसरायचं.

सोसण्याबद्दल

भेटायला येणारे येतातच. एक नातेवाईक बाई माझ्या पायाशी बसून म्हणाल्या, "अगं, एवढ्याशानं रडतेस, बाळंतपणात काय करशील?" दुसरे एक काका म्हणाले, "टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही." प्रेमानंच म्हणाले ते, त्यात शंका नाही.

पण मंडळी, टाकीचे घाव सोसतो तो दगड असतो. दगडाला खोल श्वास घ्यायचा नसतो, त्याला खोकायचं नसतं, तासातासानं उठून चालायचं नसतं. आपल्याला हे सगळं करावं लागतं. दुखतं म्हणून माणूस वरवर श्वास घेतो, खोकला दाबतो, आणि मग छातीत कफ साठतो. दुखतं म्हणून हलत नाही, आणि मग पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. दुखतं म्हणून झोप होत नाही, आणि न झोपलेल्या माणसाला तेच दुखणं दुप्पट वाटतं. म्हणून वेदना आटोक्यात ठेवणं हा उपचाराचाच भाग आहे. ते लाड नाहीत. सुरुवातीची तीव्र वेदना नीट आटोक्यात न राहणं हे पुढे दुखणं रेंगाळण्याशी जोडलेलं एक कारणही मानलं जातं.

वेदनेचा अभ्यास करणाऱ्यांची एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे, आयएएसपी. तिनं २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली. त्या व्याख्येसोबतच्या टिपांमध्ये म्हटलंय की वेदना हा नेहमीच ज्याचा त्याचा अनुभव असतो, आणि कोणी 'मला दुखतंय' म्हटलं तर त्याचा मान राखला पाहिजे. आपल्याकडे हे आधीपासून म्हणतात, ज्याचं जळतं त्याला कळतं. मी त्या काकांना शांतपणे म्हटलं, "काका, मला आत्ता वॉकर घेऊन दारापर्यंत जायचंय. सोबत येता का?" ते आले. नंतर रोज संध्याकाळी पाच वाजता येऊ लागले. सल्ल्याचं रूपांतर सोबतीत करता आलं तर जरूर करा.

मात्र उलट बाजूही सांगते. दुखणं शून्यावर आणणं हे ध्येय ठेवू नका. त्यासाठी लागणारं औषध तुम्हाला दिवसभर झोपवून ठेवेल. माझं आणि डॉक्टरांचं ठरलं होतं, चार चालेल. चार म्हणजे बाथरूमपर्यंत जाता येतं, पोटभर जेवता येतं, तीन-चार तास सलग झोपता येतं. सहाच्या वर जाऊन तिथेच राहिलं तर फोन करायचा. असा आकडा तुम्हीही ठरवून घ्या. मग आठ आलं की घबराट होत नाही, पुढे काय करायचं ते ठाऊक असतं.

दिवस आणि रात्र

वाकणं, वजन उचलणं आणि कंबर पिळणं या तीन गोष्टी सर्जन सांगतील तितके आठवडे बंद. सगळी कसरत त्याभोवतीच.

पलंगावरून उठताना लाकडाचा ओंडका वळतो तसं वळायचं. गुडघे दुमडायचे, खांदे आणि कंबर एकाच वेळी वळवून कुशीवर यायचं, पाय खाली सोडायचे आणि त्याच क्षणी हातांनी स्वतःला वर ढकलायचं. पोट वर खेचून सरळ उठायचं नाही. जमिनीवरची गादी काही दिवस नकोच. उताणं झोपताना गुडघ्यांखाली उशी, कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी.

बसणं हे चालण्यापेक्षा अवघड असतं, हे मला आधी माहीत नव्हतं. खोल सोफा तर शत्रूच. ताठ पाठीची, हात असलेली खुर्ची घ्या, आणि सुरुवातीला पंधरा-वीस मिनिटांत उठा. फोन मांडीवर ठेवून बघितला की मान आणि पाठ दोन्ही वाकतात, डोळ्यांच्या उंचीला स्टँड लावा. तपासणीला जाताना रिक्षाऐवजी गाडी मिळाली तर बरं, आणि चालवणाऱ्याला आधीच सांगा की स्पीडब्रेकर दिसला की माझा विचार कर.

आता बऱ्या दिवसांचा धोका. नवव्या-दहाव्या दिवशी एखादी सकाळ अशी येते की वाटतं, झालं बरं. त्या दिवशी माणूस कपाट आवरायला घेतं आणि पुढचे दोन दिवस आडवं होतं. त्यापेक्षा बऱ्या दिवशीही ठरल्याइतकंच चालायचं, वाईट दिवशीही थोडं तरी चालायचं. पाच मिनिटं, दिवसातून पाच-सहा वेळा. मग सहा मिनिटं. आमच्या घराचा जिना ते कोपऱ्यावरचं किराणा दुकान, एवढं अंतर गाठायला मला सव्वीस दिवस लागले.

शेक घ्यायचा असेल तर डॉक्टरांना विचारून, आणि जखमेवर कधीच नाही. त्वचा बधिर असेल तर चटका बसलेलाही कळत नाही. तेल लावून मालीश, मणका 'बसवून' देणारे, पाठीवर पाय देणारे, हे सगळं बंद.

आणि रात्र. रात्री दुखणं मोठं होतं, कारण लक्ष द्यायला दुसरं काही नसतं. इथे एक छान गोष्ट सांगते. १९६५ मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी एक सिद्धांत मांडला, गेट कंट्रोल थिअरी. थोडक्यात असा, की वेदनेचा संदेश मेंदूकडे जाताना मज्जारज्जूत जणू एका वेशीतून जातो, आणि ती वेस कमी-जास्त उघडते. दाराच्या चौकटीवर पायाचं बोट आपटलं की आपण ते चोळतो आणि बरं वाटतं, कारण स्पर्शाचा संदेश ती वेस थोडी लोटतो. मेंदूकडूनही खाली निरोप येतात. भीती वेस उघडते, शांतपणा आणि दुसरीकडे गेलेलं लक्ष ती लोटतं. पुढच्या संशोधनानं या सिद्धांताचे तपशील बदलले, पण वेदना फक्त जखमेच्या आकारावर ठरत नाही, हा मुद्दा टिकला.

म्हणून रात्री तीनसाठी माझी ठरलेली यादी होती. चार मोजत श्वास आत, सहा-सात मोजत बाहेर, असे दहा. मग न दुखणाऱ्या जागेवर, म्हणजे तळहातावर किंवा दंडावर, आईनं हलका हात फिरवायचा. मग कानात काहीतरी. गाणी मला चालली नाहीत, गोष्ट चालली, कारण पुढे काय होणार याची उत्सुकता लागते. आणि एक पथ्य, रात्री तीन वाजता 'बॅक सर्जरी फेल' असं शोधायचं नाही. बरी झालेली माणसं कामाला लागतात, ती लिहायला बसत नाहीत. त्यामुळे त्या वेळी पडद्यावर दिसतं ते चित्र अपुरं असतं.

तिसऱ्या आठवड्यात मला दुखण्यापेक्षा वाईट काहीतरी झालं. काही वाटेनासं झालं. भूक नाही, बोलावंसं नाही, 'आपण आता असेच' असं सारखं मनात. लांबलेल्या वेदनेत हे होतं, आणि ते डॉक्टरांना सांगण्यासारखंच लक्षण आहे. मी सांगितलं, त्यांनी गांभीर्यानं घेतलं. कोणाशी बोलायचं सुचत नसेल तर टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे, १४४१६. फोनला पैसे पडत नाहीत, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. जगणं नको वाटत असेल तर सकाळची वाट बघू नका.

या गोष्टींना थांबायचं नाही

हा भाग घरच्यांनाही ऐकवा. पुढचं काहीही दिसलं तर वेळ कोणतीही असो, दवाखाना गाठायचा.

लघवी तुंबली, होतेय हे कळेनासं झालं किंवा आपोआप व्हायला लागली. शौचावरचा ताबा गेला. मांड्यांच्या मधली, बैठकीची जागा बधिर झाली. पायातली ताकद कमी झाली, पाऊल उचलेना. हे नसांवर दाब आल्याचं लक्षण असू शकतं, आणि त्यात तास महत्त्वाचे असतात.

ताप, थंडी, जखमेतून पू किंवा पाणी, जखमेभोवती लाली, आणि ओसरलेला ठणका पुन्हा वाढणं. हा जंतुसंसर्ग असू शकतो.

बसलं की डोकं भयंकर दुखतं आणि आडवं झालं की थांबतं, किंवा जखमेतून स्वच्छ पाण्यासारखं काही येतंय.

एकाच पायाची पोटरी सुजली, गरम झाली, दुखायला लागली. किंवा अचानक दम लागला, छातीत दुखलं. इथे थेट १०८.

आणि औषधांनंतर माणूस नीट जागंच होत नसेल, श्वास फार मंद वाटत असेल, तर 'झोपू दे बिचारीला' म्हणायचं नाही. उठवायचं, आणि उठत नसेल तर १०८.

सांभाळणाऱ्यांसाठी

दर तासाला "आता कसं वाटतंय?" विचारू नका. उत्तर देऊन माणूस थकतं आणि प्रत्येक वेळी त्याला पुन्हा दुखण्याकडे बघावं लागतं. त्यापेक्षा विचारा, "पाणी देऊ? उशी सरकवू? चालायचं?" गोळ्यांचं वेळापत्रक एकानं सांभाळा, तिघांनी नाही. आणि तुमचीही झोप पाळी लावून घ्या. माझी आई दहा रात्री जागली. अकराव्या रात्री बाबांनी तिला दुसऱ्या खोलीत पाठवलं आणि खुर्ची घेऊन स्वतः बसले. त्यांना गोष्टी सांगता येत नाहीत, म्हणून त्यांनी मला वर्तमानपत्रातले कांद्याचे भाव वाचून दाखवले, लासलगाव, पिंपळगाव, येवला. मी झोपले. कारण विचारू नका.

आज ऑपरेशनला दीड वर्ष झालं. पाय शांत आहे. पाऊस लागला किंवा प्रवास लांबला की पाठीला रग लागते, मी उठते, चालते, पुन्हा बसते. हाड जुळायला महिने लागले, तपासणीच्या फोटोत ते जुळलेलं दिसलं. सगळ्यांचं इतकं सरळ होत नाही हे मला माहीत आहे. काहींचं दुखणं रेंगाळतं, आणि त्यांच्यासाठी वेदनेवर उपचार करणारे वेगळे तज्ज्ञ असतात, पेन क्लिनिक असतात. तीन महिन्यांनंतरही रोजचं जगणं अडत असेल, तर तिकडे पाठवा असं आपल्या सर्जनला मोकळेपणानं म्हणता येतं.

पुढच्या वेळी कोणी 'कसं दुखतंय?' विचारलं की दोन क्षण घ्या आणि नेमका शब्द शोधा. तुमच्या भागात ठणक्याला, सणकेला, वांबाला आणखी काय म्हणतात ते मला आवाजी निरोपातून पाठवा. विदर्भातून, कोकणातून, मराठवाड्यातून, जिथून ऐकत असाल तिथून. आजीला विचारा, तिच्याकडे जास्त असतील. पुढच्या एखाद्या भागात ते सगळे शब्द आपण एकत्र ऐकू.

आणि आत्ता पडूनच ऐकत असाल, तर बराच वेळ झालाय. आधी ओंडक्यासारखं कुशीवर वळा, उठा, आणि दारापर्यंत जाऊन या. भेटू.